फुकटच्या वाड्यातले भाडेकरू

मंडळी, या शनिवारी जरा भांडायचा मूड आहे. विषय सी++ चा आहे, पण जावा, पायथन किंवा जावास्क्रिप्टवाल्यांनी लगेच पान बंद करू नका. हेच भांडण तुमच्या गल्लीतही चालू असतं, फक्त पात्रांची नावं वेगळी असतात.

भांडण कोणाशी? तर "आमचा कंपायलर जुना आहे आणि जुनाच राहणार, पण तुमच्या लायब्ररीची नवी आवृत्ती मात्र आमच्याकडे चाललीच पाहिजे" असं म्हणणाऱ्या सगळ्यांशी. आणि लायब्ररी आहे बूस्ट.

ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९८ साली सी++ चं पहिलं अधिकृत स्टँडर्ड आलं आणि त्याच वर्षी बीमन डॉज आणि रॉबर्ट क्लारर यांनी एक कल्पना मांडली. स्टँडर्डमध्ये जे नाही ते आपण लायब्ररीच्या रूपात लिहू, सर्वांना फुकट देऊ, आणि प्रत्येक लायब्ररी आत घेण्याआधी जाणकारांकडून चारचौघांत तपासून घेऊ. आज त्या संग्रहात दीडशेहून जास्त लायब्रऱ्या आहेत. शेअर्ड पॉइंटर, फंक्शन, बाइंड, रेग्युलर एक्स्प्रेशन, टपल हे सगळं आधी बूस्टमध्ये नांदलं आणि मग सी++११ मध्ये गेलं. ऑप्शनल, व्हेरिअंट, एनी आणि फाइलसिस्टिम सी++१७ मध्ये गेलं. म्हणजे तुम्ही बूस्टचं नाव न ऐकताही सी++ लिहीत असाल, तरी तुमच्या कोडमध्ये अर्धं सामान तिथलंच आहे. लायसन्स इतकं सैल की बनवलेला प्रोग्रॅम विकताना त्यात बूस्टचं नाव टाकायचीही सक्ती नाही. याहून फुकट काय असतं?

आता या फुकटाची किंमत कोण भरत होतं ते बघू.

बूस्टच्या पहिल्या काही वर्षांत लोक व्हिज्युअल सी++ ६ वापरत होते. त्या कंपायलरला टेम्प्लेटचं पार्शल स्पेशलायझेशन येतच नव्हतं. मग लायब्ररी लिहिणारा एकच गोष्ट दोनदा लिहायचा, एकदा शहाण्या कंपायलरसाठी आणि एकदा वेड्यासाठी. पुढे प्रत्येक कंपायलरच्या प्रत्येक आवृत्तीचे नखरे एका कॉन्फिग नावाच्या लायब्ररीत मॅक्रो म्हणून जमा होत गेले. याला हे येत नाही, त्याला ते येत नाही, अशी शेकडो मॅक्रोंची यादी. घरातल्या कोणत्या पाहुण्याला कोणतं पथ्य आहे याची वही ठेवतात तसं.

भाषेत जे नव्हतं त्याचं सोंगही आणावं लागायचं. व्हेरिअॅडिक टेम्प्लेट, म्हणजे हवे तितके पॅरामीटर घेणारं टेम्प्लेट, सी++११ च्या आधी नव्हतं. म्हणून बूस्टच्या बाइंडमध्ये एक पॅरामीटरसाठी वेगळं, दोनसाठी वेगळं, असं करत नऊपर्यंत सगळं लिहून ठेवलेलं. टपलमध्ये जास्तीत जास्त दहा. एमपीएलच्या व्हेक्टरमध्ये वीस, त्याहून जास्त हवे तर मॅक्रो बदला. एकेका साध्या गोष्टीसाठी प्रीप्रोसेसरकडून पानंच्या पानं कोड छापून घेतलेला असायचा. रेंजवर फिरणारा साधा लूप नाही, म्हणून फॉरईच नावाचा मॅक्रो. मूव्ह नाही, म्हणून मूव्हचं सोंग. लॅम्ब्डा नाही, म्हणून लॅम्ब्डाचं सोंग. हे सगळं करणाऱ्यांना माझा सलाम आहे, कारण त्या काळात त्यातून जे निघालं ते जादूच होतं.

पण मंडळी, सी++११ येऊन आता किती वर्षं झाली? पोटातच आकडा आहे, २०११. त्यानंतर दर तीन वर्षांनी नवं स्टँडर्ड येतंय. जीसीसी २०१६ पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, तुम्ही काहीही न सांगता सी++१४ धरून चालतो आणि २०२१ च्या अकराव्या आवृत्तीपासून सी++१७. आणि तरीही त्या सोंगांच्या थराखाली रोज कोणीतरी काम करत होतं, कारण "आमच्याकडे अजून सी++०३ आहे". सी++०३ म्हणजे २००३ सालचं स्टँडर्ड, आणि ते तरी काय, तर १९९८ च्या स्टँडर्डमधल्या चुका दुरुस्त करून काढलेली आवृत्ती.

अखेर एप्रिल २०२३ च्या १.८२ रिलीजमध्ये जाहीर झालं की अनेक पायाभूत लायब्रऱ्यांचा सी++०३ चा सपोर्ट आता जाणार. डिसेंबर २०२३ च्या १.८४ मध्ये तो गेला. मॅथ लायब्ररीने तर त्याआधीच सी++१४ ही किमान अट करून टाकली होती. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता आणि तो पाच वर्षं उशिरा झाला.

यावर येणारा पहिला आक्षेप ऐकून ऐकून पाठ झालाय. "आमचं प्रॉडक्ट मेडिकल उपकरणात आहे / फॅक्टरीच्या मशीनमध्ये आहे / बँकेत आहे. टूलचेन सर्टिफाइड आहे. कंपायलर बदलता येत नाही हो!"

मान्य. शंभर टक्के मान्य. पण मग मला एक सांगा, कंपायलर गोठवलाय तर लायब्ररी का गोठवत नाही? ज्या नियमाने कंपायलरची आवृत्ती बदलायला सहा महिन्यांचं टेस्टिंग लागतं, त्याच नियमाने लायब्ररीची आवृत्ती बदलायलाही लागायला हवं. १.८३ कुठे पळून गेलेली नाही. ती उद्याही डाउनलोड होईल, परवाही होईल, आणि तुमच्या जुन्या कंपायलरवर काल जशी चालत होती तशीच चालेल. कोणीही तुमच्या मशीनवरून काही काढून नेलेलं नाही. तुम्हाला खरं हवंय ते वेगळंच. कंपायलर आजोबांच्या काळचा, लायब्ररी मात्र आजची, आणि दोघांचा संसार जमवायची मेहनत तिसऱ्याच माणसाने, त्याच्या रविवारी, फुकट करायची!

मुंबई-पुण्यात वाढलेल्यांना हे दृश्य नवीन नाही. पागडीचा वाडा आठवा. भाडं महिन्याला काही रुपये. गळतं तेव्हा मालकाच्या नावाने शंख. आणि दुरुस्तीसाठी खोली चार महिने रिकामी करा म्हटलं की "आम्ही हलणार नाही". तरी पागडीवाल्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. त्याने एके काळी पागडी म्हणून रोख मोजलेली असते, पाठीशी भाडे नियंत्रण कायदा असतो आणि जायला दुसरी जागा नसते. सी++०३ वाल्याने काय मोजलंय? पागडी नाही, भाडं नाही, आणि जायला १.८३ ची अख्खी खोली कायमची नावावर. तरी तक्रार आहेच.

"पण सिक्युरिटी फिक्स?" हा प्रश्न मात्र खरा आहे. जुन्या आवृत्तीत उद्या भोक सापडलं तर? तर ती दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवावी लागेल. ते काम आहे, आणि कामाला पैसे पडतात. सर्टिफाइड कंपायलरचे, जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वाढीव सपोर्टचे पैसे तुमची कंपनी निमूट भरतेच ना? रेड हॅट ७ चा नेहमीचा सपोर्ट जून २०२४ मध्ये संपला. पुढे हवा असेल तर वेगळे मोजा असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि लोकांनी मोजले. (गंमत म्हणजे रेड हॅट ७ सोबत येणाऱ्या जीसीसी ४.८ लासुद्धा सी++११ समजतं. म्हणजे बूस्टची नवी अट पाळायला जो कंपायलर लागतो तोही २०१३ चा आहे!) सोर्स तुमच्यासमोर उघडा आहे, लायसन्स तुम्हाला अडवत नाही. बसवा दुरुस्ती, किंवा कोणाला तरी पैसे देऊन बसवून घ्या. फुकटात हवं असेल तर मात्र आवाज जरा खाली.

दुसरा आक्षेप आपल्या इंडस्ट्रीचा राष्ट्रीय मंत्र आहे. "चालतंय ना? मग हात लावू नका." मी आधी जिथे होतो तिथल्या एका मीटिंगमध्ये हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मोजणं सोडून दिलं. क्लायंटने पैसे फीचरचे दिलेत, कंपायलर बदलायचे नाहीत, सर म्हणतात, पुढच्या क्वार्टरमध्ये बघू. तो क्वार्टर मी तिथे असेपर्यंत काही उगवला नाही.

अडचण अशी आहे की तुम्ही हात लावला नाही तरी बाकीचं जग हलत राहतं. एक उदाहरण देतो. सी++९८ मध्ये युनरी फंक्शन नावाचा एक चिमुकला बेस क्लास होता. सी++११ ने २०११ मध्ये सांगितलं, हा आता वापरू नका. सी++१७ ने तो काढून टाकला. बूस्टच्या जुन्या हॅश लायब्ररीत तो वापरलेला होता. २०२३ मध्ये अॅपलचा एक्सकोड १५ आला, त्याच्यासोबतच्या स्टँडर्ड लायब्ररीतून तो क्लास गायब झाला, आणि जगभरातल्या रिअॅक्ट नेटिव्हवाल्यांची आयफोन अॅप्स बिल्ड होईनात. त्यातल्या किती जणांनी जन्मात सी++ लिहिलं असेल? रिअॅक्ट नेटिव्ह फॉली वापरतं, फॉली बूस्ट वापरतं, आणि सोबत आलेली बूस्टची प्रत जुनी होती. बिचारी जावास्क्रिप्टवाली पोरं रात्री दोन वाजता पॉडफाइलमध्ये कोणाचा तरी तोडगा चिकटवत बसली होती. बूस्टच्या नव्या आवृत्तीत हा प्रश्न उरलेलाच नव्हता. एका ओळीच्या बेस क्लाससाठी एक तपाची नोटीस होती, आणि ती कोणी वाचली नव्हती. "हात लावू नका" म्हणणारे सर त्या रात्री दोन वाजता जागे होते का, ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही.

इथपर्यंत वाचून आमच्यातली तरुण मंडळी खूश झाली असतील. "बरोबर आहे, सगळं जुनं फेका, आता स्टँडर्डमध्येच सगळं आलंय, बूस्ट कशाला हवंय?" थांबा. माझं भांडण तुमच्याशीपण आहे.

नव्या स्टँडर्डवर नेणं म्हणजे एडिटर उघडून "बूस्ट" च्या जागी "एसटीडी" टाकून सगळीकडे बदला हे बटण दाबणं, असा एक समज पसरलाय. नावं सारखी दिसतात म्हणून माणसं सारखी नसतात. फाइलसिस्टिमचं बघा. डाव्या बाजूला "डेटा" हा फोल्डर आणि त्याला जोडायचा मार्ग स्लॅशने सुरू होणारा, समजा "/लॉग". बूस्टच्या तिसऱ्या आवृत्तीत उत्तर येतं "डेटा/लॉग". स्टँडर्डमध्ये उत्तर येतं नुसतं "/लॉग", कारण उजवीकडचा मार्ग पूर्ण असेल तर डावीकडचा टाकून द्यायचा असा तिथला नियम. (बूस्टच्या चौथ्या आवृत्तीनेही पुढे हाच नियम घेतला.) कंपायलर एक अक्षर बोलणार नाही, टेस्टमध्ये बहुधा दिसणार नाही. दिसेल तेव्हा प्रॉडक्शनवर, आणि त्या ओळीनंतर फाइली पुसायचा कोड असेल तर देव तुमचं भलं करो.

व्हेरिअंटचंही तसंच. बूस्टचा व्हेरिअंट कधीही रिकामा होत नाही याची हमी आहे. स्टँडर्डवाला एखादं एक्सेप्शन आलं तर किमतीशिवाय उरू शकतो, आणि ते तपासायची जबाबदारी तुमची. बूस्टच्या थ्रेडला मधेच थांबवायची सोय आहे. सी++११ च्या थ्रेडला ती नाही, थोडीफार तशी सोय यायला सी++२० चा जेथ्रेड यावा लागला. हे तपासायला वेळ लागतो, डोकं लागतं, आणि जुना कोड मन लावून वाचावा लागतो. क्लँग-टायडीसारखी हत्यारं नलपॉइंटर आणि ओव्हरराइड छान घालून देतात, वापरा जरूर. पण तो नुसता रंग आहे. भिंत तुम्हालाच ठोकून बघावी लागते.

आणि "स्टँडर्डमध्ये आलं म्हणजे बूस्ट संपलं" हे तर साफ चूक. उलट स्टँडर्डमध्ये गेलेल्या गोष्टीची वाढ पुष्कळदा खुंटते. स्टँडर्डचं रेग्युलर एक्स्प्रेशन संथ आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण सुधारायला गेलं तर आधीच कंपाइल झालेले जगभरचे प्रोग्रॅम मोडतील, म्हणून कोणी धजावत नाही. याला एबीआय म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रागला सी++ कमिटीची बैठक झाली, तिथे यावर बरीच चर्चा होऊनही सी++२३ साठी एबीआय मोडायचं ठरलं नाही. दुसरीकडे बूस्टकडे पाहा. डिसेंबर २०२२ च्या १.८१ मध्ये अनऑर्डर्ड फ्लॅट मॅप आला. स्टँडर्डच्या अनऑर्डर्ड मॅपने बकेट दाखवायचं आणि घटकाचा पत्ता न हलवायचं वचन दिलंय, त्यामुळे तिथे प्रत्येक घटक वेगळा साठवण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. बूस्टने ती वचनं बाजूला ठेवली, घटक एका सलग जागेत मांडले, आणि कितीतरी वेगवान मॅप दिला. ज्यांना जुनी वचनं हवीत त्यांच्यासाठी जुना अनऑर्डर्ड मॅपही शेजारीच ठेवला, तोही आतून नव्याने लिहून.

मला जे सांगायचंय ते हेच. स्टँडर्ड मोडू शकत नाही, लायब्ररी मोडू शकते. मोडण्याचं हे स्वातंत्र्य हीच बूस्टची खरी मालमत्ता आहे. सी++०३ वाल्यांसाठी वीस वर्षं सोंगं सांभाळत बसणं म्हणजे ती मालमत्ता फुकट घालवणं. आणि स्टँडर्डकडे धावत सुटणं म्हणजे ती आहे हेच विसरणं.

मग हे नीट कसं करायचं? बूस्टच्याच चांगल्या उदाहरणांवरून सांगता येतं. अट वाढवायची तर आधी जाहीर करा, मधे एक-दोन रिलीज जाऊ द्या, मग वाढवा. सगळ्यांना एकच अट लावू नका. मॅथला सी++१४ पुरतं, १.८४ मध्येच आलेल्या कोबाल्टला कोरुटिन हवेत म्हणून सी++२० लागतं, ज्याचा त्याने निर्णय घ्यावा. बाहेरची नावं शक्यतो तीच ठेवा, आतली सोंगं काढा. भाषेनेच जे दिलंय त्यासाठी शेजारच्या पाच लायब्रऱ्यांची हेडर ओढू नका; सी++०३ गेल्याचा सर्वात मोठा फायदा हाच, की एकमेकांत अडकलेले धागे सुटायला लागतात. आणि जे मेलंय ते पुरा. जुनी सिग्नल्स लायब्ररी २०१८ च्या १.६९ मध्ये काढून टाकली, कारण सिग्नल्स२ केव्हाची तयार होती. काही आकाश कोसळलं नाही.

आता शेवटचं, आणि हे आपल्या लोकांसाठी. हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोली, बे एरिया, कुठेही असा. आपल्यापैकी हजारो जण रोज अशा फुकटच्या वाड्यात राहून पगार घेतात. बूस्टच्या बहुतेक लेखकांनी स्वतःच्या वेळात हे काम केलंय; अलीकडे काही जणांना एका ना-नफा संस्थेकडून पगार मिळतो इतकंच. बीमन डॉज २०२० मध्ये गेले. फाइलसिस्टिम त्यांचीच. त्या दिवशी किती ऑफिसांत त्यांचं नाव निघालं असेल? आपण पॅच पाठवत नाही, टेस्ट चालवत नाही, साधा बग नीट लिहून कळवत नाही, आणि अट वाढली की पहिली बोंब आपली.

तेव्हा एक काम करा. तुमच्या प्रॉडक्टमध्ये बूस्टच्या कोणत्या लायब्रऱ्या आहेत आणि कोणत्या आवृत्तीच्या, याची यादी काढा. वेगळ्या ब्रँचवर सी++२० लावून बिल्ड करा, काय काय ओरडतं ते लिहून ठेवा. सरांना दाखवा, आणि त्यासमोर तासांचा आकडा लिहा, कारण सरांना आकडा कळतो. त्यातला एखादा प्रश्न लायब्ररीतलाच निघाला तर दुरुस्त करून पाठवा. दहा ओळींचा पॅचही चालतो. तिथले लोक खडूस आहेत, शंका काढतील, पुन्हा लिहायला लावतील. शिकाल.

आणि यातलं काहीच करायचं नसेल तर १.८३ आहेच. सुखाने राहा. फक्त गच्ची गळायला लागली की मालकाला फोन करू नका.